लंडन ते पॅरिस: जाताना दोन तास वीस मिनिटं आणि येताना वीसच मिनिटं?

तांबडा_पांढरा
नमस्कार मंडळी, एक शंका आहे आणि थोडा सल्लाही हवाय. आई-बाबा जूनमध्ये कोल्हापूरहून आमच्याकडे लंडनजवळच्या रेडिंगला येणारेत, पहिल्यांदाच. त्यातच तीन दिवस पॅरिस करायचं म्हणतोय. काल रात्री तिकिटं बघत बसलो होतो, तर हीथ्रोहून सकाळी ९:०५ ला निघून पॅरिसला ११:२५ ला पोचणार, आणि येताना पॅरिसहून संध्याकाळी ६:१० ला निघून हीथ्रोला ६:३०! अंतर एका साइटवर ३४४ किमी, दुसऱ्या साइटवर ३४८ आणि गाडीने जायचं तर साडेचारशेच्या वर. वेळ कुठे सव्वा तास, कुठे पन्नास मिनिटं. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते, त्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "आधी अंतर आणि रनिंग टाइम नक्की कर, मग तिकीट काढ." तर खरं अंतर किती, खरा वेळ किती, आणि विमान बरं की ट्रेन?

खिडकीची_सीट
वीस मिनिटांत आमच्याकडे स्वारगेटहून डेक्कनला पोचणं होत नाही. त्या विमानात माझी पण एक सीट काढा 😄

मीनल_पॅरिसकर
वेळेचं कोडं सोपं आहे. पॅरिसचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे. तिकिटावर निघायची वेळ निघण्याच्या गावची आणि पोचायची वेळ पोचण्याच्या गावची असते. जाताना २:२० मधून एक तास वजा करा, येताना ०:२० मध्ये एक तास मिळवा, दोन्हीकडे १:२० येतंय. आणि हा फरक वर्षभर एकच तास राहतो, कारण उन्हाळी वेळ दोन्हीकडे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एकाच क्षणाला बदलते. मी १२ वर्षं इथे आहे, पण लंडनच्या बहिणीला फोन करताना अजून चुकते.

तांबडा_पांढरा
अरे हो की! एवढं साधं डोक्यात कसं नाही आलं. धन्यवाद मीनलताई. आता अंतराचं सांगा कुणीतरी.

धावपट्टी
मी विमानाच्या डिस्पॅचमध्ये काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ३४४ आणि ३४८ दोन्ही बरोबर आहेत. पहिलं अंतर शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंत, दुसरं हीथ्रो ते पॅरिसचा शार्ल द गोल विमानतळ. पृथ्वीच्या गोलावर दोरी ताणली तर जेवढी भरेल तेवढं. विमान काही दोरीवरून जात नाही. उडताना वारा ज्या बाजूचा त्या बाजूला तोंड करून उडतं, मग वळतं, ठरलेल्या वाटेने जातं, उतरताना परत लांबून वळसा घालून धावपट्टीच्या सरळ रेषेत येतं. मुंबई-लंडनसारख्या सात हजार किमीच्या प्रवासात हे वळसे कुणाला जाणवत नाहीत, पण साडेतीनशे किमीत चांगलेच जाणवतात.

आता वेळ. तिकिटावर जो १:२० दिसतो तो विमान गेटवरून मागे सरकल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतचा. त्यात धावपट्टीपर्यंत जमिनीवरून जाणं आलं, रांग आली, उतरल्यावर परत गेटपर्यंत जाणं आलं. प्रत्यक्ष हवेत ४० ते ५० मिनिटं. एवढ्याशा वेळात विमान ३५ हजार फुटांवर जातच नाही, वीस-पंचवीस हजारांच्या आसपास पोचतं आणि लगेच उतरायला लागतं. केबिन क्रूची धांदल बघा कधीतरी, चहाची गाडी पुढे नेईपर्यंत कप गोळा करायची वेळ होते.

येताना हीथ्रोची अजून एक गंमत. हीथ्रोला धावपट्ट्या दोनच, आणि विमानं तर दिवसभर एकामागोमाग एक. त्यामुळे उतरायचा नंबर येईपर्यंत घिरट्या घालायच्या चार जागा ठरलेल्या आहेत, बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ऑकम आणि बिगिन. एकावर एक थर लावून विमानं गोल फिरत असतात, खालचं उतरलं की वरचं एक पायरी खाली येतं. कंपन्या हे सगळं धरूनच वेळ छापतात, म्हणून रांग नसली तर विमान "वेळेआधी" पोचतं आणि लोक खूश होतात.

वऱ्हाडी_क्रॉयडन
धावपट्टीताई, मस्त लिहिलंत. मी दर वेळी खिडकीतून तेच तेच तळं तीनदा बघायचो आणि बायकोला म्हणायचो, इथे तळी लई आहेत.

नंदूकाका_मुलुंड
मीनलताईंच्या वेळेच्या मुद्द्याला माझी एक जोड. भूगोलाने बघितलं तर पॅरिस ग्रीनिचच्या फार पूर्वेला नाहीच. रेखांशाने फरक जेमतेम नऊ मिनिटांचा. १९४० पर्यंत फ्रान्स ग्रीनिच वेळच पाळत होता. त्या वर्षी जर्मनांनी पॅरिस घेतलं, घड्याळं बर्लिनप्रमाणे केली आणि युद्ध संपल्यावरही ती तशीच राहिली. म्हणजे तुमच्या तिकिटावरचा हा एक तास म्हणजे दुसऱ्या महायुद्धाची शिल्लक आहे. आपल्या मुंबईची पण स्वतःची वेळ होती, भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, आणि ती १९५५ पर्यंत चालली. माझे वडील सांगायचे की कुणी वेळ सांगितली की विचारायचं, कुठली, मुंबईची की स्टँडर्ड?

श्रावणी७
काका, हे माहीतच नव्हतं! आईला लगेच पाठवते.

रुळावरचा_गणू
आता ट्रेनच्या बाजूने मी बोलतो. लंडनच्या सेंट पँक्रसहून पॅरिसच्या गार द्यु नॉरपर्यंत युरोस्टार, रुळांवरून ४९२ किमी, वेळ साधारण २ तास २० मिनिटं. म्हणजे अंतर विमानाच्या जवळजवळ दीडपट आणि तरी शहराच्या पोटातून निघून शहराच्या पोटात पोचवते. बोगदा ५०.४५ किमीचा, त्यातला ३८ किमीच्या आसपास समुद्राखाली. बोगद्यात वेग ताशी १६० वर आणतात, म्हणून तो पार करायला वीसेक मिनिटं लागतात, बाहेर पडली की फ्रान्समध्ये ताशी ३००. १९९४ ला सुरू झाली तेव्हा वॉटर्लूहून सुटायची आणि इंग्लंडमधल्या जुन्या रुळांवर लोकलच्या मागे रखडायची, तीन तास लागायचे. नवी लाइन आधी २००३ ला अर्धी आणि मग २००७ ला पूर्ण झाली, तेव्हा कुठे सव्वादोन तासांवर आली.

विमानाला तुम्ही १:२० म्हणता, पण हीथ्रोला दोन तास आधी जा, उतरल्यावर इमिग्रेशन, मग बॅगा, मग आरईआर म्हणजे तिथल्या लोकलने शहरात या, शार्ल द गोल मध्यापासून २५ किमीवर आहे. बेरीज केली की झाले साडेपाच-सहा तास. ट्रेनच घ्या.

वऱ्हाडी_क्रॉयडन
गणूभाऊ, थोडं थांबा. धागाकर्ते रेडिंगला राहतात. हीथ्रो त्यांच्या वाटेतच आहे, थेट बस आहे. सेंट पँक्रसला जायचं म्हणजे आधी पॅडिंग्टन, मग भुयारी रेल्वे, तीही दोन म्हाताऱ्या माणसांना आणि बॅगांना घेऊन. ट्रेनला पण वेळेआधी जावंच लागतं, सुटायच्या ३० मिनिटं आधी गेट बंद होतं, म्हणजे तास-सव्वा तास आधी रांगेत असायला हवं. तुम्ही विमानाचा सगळा वेळ मोजता आणि ट्रेनचा फक्त रुळावरचा, हे बरोबर नाही. मी क्रॉयडनहून गॅटविक विमानतळाला २० मिनिटांत पोचतो, मला विमानच परवडतं.

रुळावरचा_गणू
मान्य, रेडिंगचं वाचून विसरलो. पण फ्रान्सने ट्रेन असेल तिथे विमानं बंद केली आहेत ना? लंडन-पॅरिस पण बंद होणार म्हणे.

धावपट्टी
नाही नाही, तो कायदा फ्रान्सच्या आतल्या मार्गांपुरता आहे. अडीच तासांच्या आत चांगली ट्रेन असेल तर विमान नाही, २०२३ पासून. त्यातही पॅरिसच्या ऑर्ली विमानतळाहून नाँत, लियाँ आणि बोर्दो एवढेच मार्ग बंद झाले. लंडनला तो लागू नाही. पुढचं विमान पकडायला पॅरिसला येणारेही या मार्गावर बरेच असतात, त्यांना गार द्यु नॉरचा काय उपयोग.

डिंपल_आजी
लोणचं आणि तूप नेता येतं का एवढंच सांगा. माझी नात पॅरिसला शिकते.

मीनल_पॅरिसकर
आजी, बऱ्याच विमानतळांवर हातातल्या बॅगेतली लोणच्याची बरणी काढून घेतात, त्यांच्या लेखी ते द्रवात मोडतं आणि १०० मिलीचा नियम लावतात. खालच्या बॅगेत चालतं. युरोस्टारला द्रवाचा नियम नाही, वजनकाटा पण नाही, आपल्याला उचलता आलं म्हणजे झालं. लोणचं बिनधास्त आणा. पण तूप, पेढे, खवा, चीज वगैरे दुधाचं काहीही इंग्लंडहून युरोपीय संघात आणायला आता बंदी आहे, ब्रेक्झिटनंतर. मांसाचंही तेच. तूप इथल्या दुकानात मिळतं, आणि नातीला माझ्याकडे पाठवा, मी लोणी कढवून देते.

डिंपल_आजी
देव तुझं भलं करो गं बाई. व्यक्तिगत निरोप पाठवते.

व्हिसावाला_दादा
सगळे किलोमीटर मोजताय, मूळ प्रश्न कुणी विचारलाच नाही. आई-बाबांचा शेंगेन व्हिसा, म्हणजे फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालतो तो, आहे का? ब्रिटनचा व्हिसा फ्रान्सला चालत नाही. आणि "इथे आल्यावर लंडनहून काढू" असं मनात असेल तर सोडून द्या. इथे फिरायला आलेल्यांचा अर्ज सहसा घेत नाहीत, जिथे राहता तिथूनच काढा म्हणतात. आमच्या सासूबाईंच्या वेळी आम्ही हीच चूक केली, हॉटेल आणि तिकिटं दोन्ही बुडाली आणि त्या बिचाऱ्या चार दिवस आमच्या बाल्कनीतून कबुतरं बघत बसल्या. परत येतानाही ब्रिटनमध्ये नव्यानेच प्रवेश होतो, म्हणून तो व्हिसाही एकदाच येण्याचा नको.

तांबडा_पांढरा
बापरे. माझ्या मनात अगदी हेच होतं की इथे आल्यावर काढू. अजून चार महिने आहेत. आजच बाबांना सांगतो मुंबईला जाऊन शेंगेनचा अर्ज करायला. दादा, तुमचे उपकार कसे फेडू!

व्हिसावाला_दादा
आईंच्या हातच्या तांबड्या-पांढऱ्यावर फिटतील. अजून एक, पासपोर्टवर शिक्का मारायच्या ऐवजी आता बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झालंय. पहिल्या खेपेला वेळ लागतो. ट्रेनने गेलात तर फ्रेंच पोलीस हे सेंट पँक्रसलाच करतात, गाडीत बसायच्या आधी, म्हणजे पॅरिसला उतरलात की सरळ चालू लागायचं. विमानाने गेलात तर पॅरिसला उतरल्यावर.

नंदूकाका_मुलुंड
या मार्गावर माझा फार जीव आहे, म्हणून परत लिहितो. २५ जुलै १९०९ ला ब्लेरिओ या फ्रेंच वैमानिकाने फ्रान्सच्या कॅलेजवळून इंग्लंडच्या डोव्हरला विमान नेलं, समुद्रावर सदतीसेक मिनिटं, होकायंत्राशिवाय. त्यानंतर दहाच वर्षांनी, २५ ऑगस्ट १९१९ ला, लंडनच्या हाउन्स्लो हीथहून पॅरिसच्या ल बुर्जेला रोजची विमानसेवा सुरू झाली. त्या विमानाला साधारण अडीच तास लागले. म्हणजे आजची ट्रेन त्या विमानापेक्षा लवकर पोचते, हे जेव्हा कळलं तेव्हा मी हिशोब तीनदा करून बघितला. आणि हाउन्स्लो हीथ म्हणजे आजच्या हीथ्रोच्या अगदी शेजारी.

मी स्वतः रेल्वेत ३४ वर्षं काढली, त्यामुळे आमच्या लेखी या मार्गावरचा राजा म्हणजे "नाइट फेरी". १९३६ ते १९८०. रात्री व्हिक्टोरिया स्टेशनवर झोपायचं, डोव्हरला झोपलेल्या माणसांसकट डबे जहाजावर चढवायचे, साखळदंडाने बांधायचे, पलीकडे डंकर्कला उतरवायचे आणि सकाळी पॅरिस. आमच्या ट्रेनिंगला एका साहेबांनी फळ्यावर खडूने काढून दाखवलं होतं की भरती-ओहोटीत जहाज वर-खाली होतं तेव्हा रूळ जुळवायचे कसे. बंदरात पाणी एका पातळीवर ठेवणारा हौद बांधला होता. कधी बसायला मिळालं नाही, ती गाडी बंद झाली तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो.

आणि व्हिक्टोरिया स्टेशनचं नाव निघालंच आहे म्हणून, १३ मार्च १९१० ला सावरकर पॅरिसहून लंडनला परत आले तेव्हा त्याच स्टेशनवर त्यांना पकडलं. पॅरिसला मादाम कामांकडे राहिले असते तर हाती लागले नसते. लंडनला जाईन तेव्हा त्या फलाटावर दोन मिनिटं उभं राहायचंय मला.

वऱ्हाडी_क्रॉयडन
काका, आलात की सांगा. क्रॉयडनहून व्हिक्टोरियाला थेट गाडी आहे, मी सोबत येतो.

बसने_गेलेला
कुणी बसचं बोलत नाही म्हणून सांगतो. विद्यार्थी होतो तेव्हा व्हिक्टोरिया कोच स्टेशनहून रात्रीच्या बसने गेलो. आठ-नऊ तास. मध्यरात्री सगळ्यांना उतरवून पासपोर्ट तपासतात, मग बस जहाजावर. डोव्हर-कॅले जहाज दीड तास घेतं, समुद्र तिथे ३३-३४ किमीच रुंद आहे. पहाटे डेकवर उभा होतो, मागे डोव्हरचे पांढरे कडे आणि पुढे कॅलेचे दिवे. पाठीचं खोबरं झालं, पण समुद्र ओलांडतोय हे त्याच प्रवासात कळलं. विमानात ढग दिसतात, ट्रेनमध्ये काळोख.

श्रावणी७
अगदी! माझ्या मुलाला वाटलं होतं समुद्राखालून म्हणजे काचेतून मासे दिसणार. अंधार झाल्यावर पाच मिनिटं नाक खिडकीला लावून बसला आणि मग रडला. 🙈

प्रतीक_लूटन
स्वस्त तिकीट बघून कुणी बोव्हेला उतरू नका एवढं सांगतो. नावात पॅरिस लिहितात आणि पॅरिस तिथून ८५ किमीवर असतं. वाचलेले पैसे आणि वेळ दोन्ही बसमध्ये जातात.

तांबडा_पांढरा
सगळ्यांचं वाचून घरी चर्चा झाली. बाबा म्हणाले, "वाद कशाला, जाताना एक, येताना एक. मी नोंद ठेवतो." तर जाताना ट्रेन, येताना विमान. शेंगेनची अपॉइंटमेंट मिळाली आहे.

(जुलै)

तांबडा_पांढरा
मंडळी, जाऊन आलो! उशीर झाला लिहायला, आई-बाबा होते तोपर्यंत लॅपटॉप उघडलाच नाही. बाबांनी खिशातल्या डायरीत मिनिटामिनिटाची नोंद केली होती, तीच बघून लिहितोय.

जाताना: घर सोडलं ७:००. सेंट पँक्रस ८:२०. ठसे-फोटोच्या रांगेत ३५ मिनिटं, आईचे ठसे दोनदा घ्यावे लागले, भांडी घासून रेषा पुसल्यात म्हणाली. गाडी सुटली १०:३१ ला, अगदी वेळेवर, इथे बाबांनी डायरीत बरोबरची खूण केलीय. पॅरिस १:५० तिथल्या घड्याळाने. हॉटेल स्टेशनजवळच घेतलं होतं, २:१५ ला खोलीत. एक तास वजा करून एकूण सव्वासहा तास, त्यातले गाडीत २ तास १९ मिनिटं. बोगद्याचे बाबांनी २१ मिनिटं धरलेत.

येताना: हॉटेल सोडलं १:४५. विमानतळ २:४०, मी घाबरून साडेतीन तास आधी नेलं. विमान गेटवरून हललं ६:२५, चाकं सुटली ६:४७, हीथ्रोला चाकं टेकली लंडनच्या घड्याळाने ६:३८. निघण्याच्या आधीच पोचलो म्हणून आई हसत सुटली. गेटला ६:५०. मग इमिग्रेशन, बॅगा, बस, घरी ८:५०. एकूण ८ तास ५ मिनिटं, त्यातली हवेत ५१. दोन घिरट्या झाल्या, बाबांना तळं दोनदा दिसलं!

वऱ्हाडी_क्रॉयडन
मजा आली वाचून. पण साडेतीन तास आधी गेलात, त्यातला दीड तास माझ्या बाजूने वजा करा. साडेसहा होतात. ट्रेनच्या बरोबरीतच आलं की!

रुळावरचा_गणू
भाऊ, तरी ट्रेन पंधरा मिनिटांनी पुढेच. 😀

मीनल_पॅरिसकर
वाद राहू द्या. बाबांना पॅरिस कसं वाटलं ते सांगा.

तांबडा_पांढरा
आयफेल टॉवर बघितला, पण सगळ्यात जास्त वेळ रमले ते गार द्यु नॉरच्या गाड्यांच्या बोर्डासमोर. तासभर उभे होते, कुठली गाडी किती उशिरा ते टिपत. आणि विमानाच्या पानावर त्यांनी शेवटी एसटीच्या पद्धतीने शेरा मारलाय, तो जसाच्या तसा देतो: "आगमन २० मिनिटे उशिरा. कारण: आकाशात रांग. वाहनचालकाचा दोष नाही."